बिनतेलाचं डोकं

आमच्या वऱ्हाडात एखाद्या पोरीला माय आहे की नाही, हे तिला विचारावं लागत नसे. तिचं डोकं पाहिलं की कळायचं. केस तेलानं चोपडलेले, मधोमध भांग आणि घट्ट वेणी असली की माय आहे. कोरडे, भुरभुरते असले की बाया जिभेनं च्यक् करत आणि एकमेकींना म्हणत, "मायविना लेकरू दिसते." मी चिखलीत वाढले. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि मोठे साहेब नागपूरला बसत. ते काय करत ते मला ठाऊक नाही. आमच्या गल्लीचा कारभार बाया चालवत, आणि त्यांनी माझं डोकं जितकं न्याहाळलं तितकं माझं तोंडही कुणी पाहिलं नसेल. ते कोरडं होतं, आणि वर त्यात पुळ्या होत्या.

या पुळ्या उन्हाळ्यात येऊन पावसाळ्यात निघून जाणाऱ्यांतल्या नव्हेत. केसाच्या मुळाशी एक तांबडा ठिपका उठायचा, त्यावर पिवळं टोक धरायचं, आणि नुसता पदर घासला तरी जीव कळवळायचा. मग ती फुटायची, खपली धरायची, खपलीत आजूबाजूचे केस अडकायचे, आणि ती वाळते न वाळते तोच शेजारी दुसरी तयार. आमच्याकडे त्याला केसतूड म्हणत. केस तुटला की मुळाशी पिकतं, अशी समजूत. आज माझे केस पांढरे झाले, होते त्यातले निम्मे गेले, तरी वैशाखात घाम आला की एखादी केसतूड हजेरी लावून जाते. आता तिची मला भीती वाटत नाही. माहेरचं माणूस आल्यासारखं वाटतं, आणि हे मी थट्टेनं म्हणत नाही.

माझी जन्मदाती माय मला आठवत नाही. मी रांगत होते तेव्हाच ती गेली. वडील दाण्याच्या बाजारात मापारी होते, दिवसभर ज्वारी मोजायची आणि घरी येऊन गप्प बसायचं, असा माणूस. लोकांनी त्यांचं दुसरं लग्न लावून दिलं. आली ती मलकापूरकडची, स्वतःच अजून पोर होती. तिला काय म्हणायचं हे घरात कुणाला सुचेना. शेजारी पिंजाऱ्याचं घर होतं, तिथल्या चाचीनं मला मांडीवर घेऊन सांगितलं, "मावशी म्हन बेटा," आणि तेच कायमचं झालं. माय मरो पण मावशी उरो, असं आपण म्हणतो. पण ती म्हण सख्ख्या मावशीसाठी आहे, सावत्र मावशीसाठी नाही, याची आठवण गल्ली तिला अधूनमधून करून द्यायची. तिच्या गळ्यात चांदीचा एक छोटा टाक होता. दुसरेपणाच्या बायकोनं पहिलीची आठवण गळ्यात घालायची, अशी रीत. म्हणजे माझी माय तिच्या गळ्यात होती आणि मी तिच्या पदरात.

आल्याबरोबर तिनं पहिली गोष्ट केली ती माझ्या डोक्याला तेल लावण्याची. तेही ओट्यावर बसून. घरात जागा होती, उजेड होता, पण ओटा गल्लीला दिसायचा. रोज सकाळी तिळाचं तेल वाटीत कोमट करून आणायची, मला दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये घट्ट धरायची, आणि टाळूवर थपथप तेल जिरवायची. मानेवरून ओघळलेलं तेल ती तळहातानं पुसून माझ्या पायांना चोळायची. तेलीण माप घालायला आली की मावशी मोठ्यानं म्हणायची, "पोरीच्या डोक्याचं थोडं जास्तच घाल वं." गल्ली ऐकायची. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मला फक्त तिची बोटं कळायची. ते सकाळचं ऊन आणि तो वास मी अजून विसरले नाही.

पण पुळ्या वाढत चालल्या. जितक्या पुळ्या तितकं तेल, हाच हिशेब. कुणी म्हणालं तेलात कडुनिंबाचा पाला उकळ, कुणी म्हणालं हळद, कुणी कापूर. औषध काही का असेना, ते तेलातूनच जायचं. सकाळी उठले की उशीची खोळ डोक्याला चिकटलेली असायची आणि ती ओढून काढताना मी अख्खी गल्ली जागी करायचे. शाळेत माझ्या बाजूला कुणी बसेना. मुली म्हणाल्या हिला खवडे झालेत. शेवटी एका सकाळी मानेखाली गाठी आल्या, अंगात ताप भरला, आणि वडिलांनी ज्वारीची मापं बाजूला ठेवून आम्हा दोघींना सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टर नागपूरकडचा होता, तरुण, बोलायला तुटक. त्यानं चिमट्यानं माझे केस बाजूला केले, नाक न मुरडता वास घेतला आणि म्हणाला, "हे खवडे नाहीत. केसांची मुळं पिकतात. केस बारीक करा. तेल बंद."

मावशी पदर सावरून म्हणाली, "डॉक्टरसाहेब, तेल सोडून बाकी काय सांगसान थे करतो."

"बाकी काही करू नका. तेल बंद करा. तेलानं मुळं बुजतात, धूळ चिकटते, आत पू साठतो. थेंबसुद्धा नको."

"सणावाराले?"

"सणावारालाही नको."

"किती दिवस?"

डॉक्टरनं हात धुतले. मग जरा नरमला असावा. म्हणाला, "हे जाऊन परत येणारं दुखणं आहे, बाई. वर्षानुवर्षं चालेल. हुरड्यात आलेल्या वावरात पाखरं येतात ना? तुम्ही हाकलता, ती पुन्हा येतात. म्हणून काही राखण सोडत नाही." मग त्यानं राखण कशी करायची ते सांगितलं. कडुनिंबाचं उकळलेलं पाणी कोमट करून त्यानं डोकं धुवायचं, कार्बोलिक साबण लावायचा, पोटॅशच्या गुलाबी पाण्यानं पुळ्या टिपायच्या, वर गंधकाचं मलम. फणी वेगळी, पंचा वेगळा, उशीची खोळ रोज उकळायची. आणि पुळी फोडायची नाही.

घरी येताना मावशी रडत होती. मला वाटलं माझे केस जाणार म्हणून रडते. ती वडिलांना म्हणत होती, "लोक काय म्हनतीन? सावत्र आली आन पोरीचं तेल तोडलं म्हनतीन."

वडील म्हणाले, "लोकाइच्या डोक्यात पुळ्या हायेत का?"

ते असं एखादंच वाक्य बोलत, पण नेमकं बोलत. तरी लोकांचं तोंड त्यांना मापानं मोजून बांधता आलं नाही. माझे केस कातरले गेले, ओट्यावरची तेलाची वाटी आत गेली, आणि आठवडा उलटायच्या आत गल्लीनं निकाल दिला. तेलीण येऊन विचारायची, "आता डोक्याचं तेल घेत नाही वाटते?" पाणवठ्यावर बाया मावशीला ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात बोलत. "सावत्र थे सावत्रच. हौस होती तवर लावलं." मला शाळेत झिपरी म्हणू लागले. झिपऱ्या म्हणाव्यात एवढे केससुद्धा माझ्या डोक्यावर नव्हते, पण नाव ठेवायला लोकांना केस लागत नाहीत.

मावशीनं मग ओटा सोडला. माझं डोकं आता मागच्या अंगणात, कडुनिंबाखाली धुतलं जाई. तिथे कुणाला दिसत नसे. पाला उकळायचा, गाळायचा, मनगटावर पाणी घालून पाहायचं. खपल्या ओल्या होऊन सुटेपर्यंत ती पाणी धरत राहायची, ओढून एकही काढायची नाही. चाची भिंतीवरून पिंजलेल्या कापसाचा गोळा द्यायची. "धर, आजची रुई हाय. हात नको लावू, पदरात घे." त्या कापसाची छोटी बोंडं करून मावशी एकेक पुळी टिपायची, आणि वापरलेलं बोंड लगेच चुलीत. एक पुळी, एक बोंड. दुसरीला तेच लावायचं नाही. हे तिला डॉक्टरनं एकदा सांगितलं होतं, आणि एकदाच सांगावं लागलं. पोटॅशनं तिची नखं कायमची तपकिरी झाली. सवाष्ण बाईच्या हातांना मेंदीऐवजी पोटॅश, असं चाची हसून म्हणायची.

ती काही संत नव्हती. खाजवलं की फाडकन हातावर मारायची. "काऊन खाजवून राह्यली वं? पुन्हा पहिल्यापासून करायचं मी?" मी रडायचे, तेल लाव म्हणून हट्ट करायचे. मला डोकं बरं व्हायला नको होतं, मला ती तेलाची सकाळ हवी होती. कापसाच्या बोंडानं टिपणारे हातही तेच होते, पण ते मला तेव्हा वेगळे वाटायचे. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं, अशी माझी गत. आणि माझ्या त्या रडण्याचा आवाज मागच्या अंगणातून बरोब्बर पुढच्या गल्लीत जायचा.

डोकं मात्र सुधारलं. पुळ्या गेल्या नाहीत, पण खोळ चिकटेनाशी झाली. केस मानेपर्यंत आले. मधल्या दोन-तीन जागा उघड्या राहिल्या त्या राहिल्याच.

अशातच उन्हाळ्याच्या सुट्टीत मामा मला आजोळी न्यायला आला. आजोळ डोणगावचं. वडिलांनी त्याला बजावलं, "तिच्या डोक्याले तेल लावू नका." मावशीनं कडुनिंबाच्या वाळल्या पाल्याचं गाठोडं, साबण आणि माझी फणी बांधून दिली. मामानं निरोप पोचवला. पण आजीनं तो कसा ऐकला असेल ते तुम्हीच पाहा. तिची लेक गेलेली. लेकीच्या जागी आलेल्या बाईनं निरोप धाडलेला की पोरीला तेल लावू नका. आणि समोर मी, कातरलेल्या कोरड्या केसांची. आजीनं मला पोटाशी धरून असा गळा काढला की मीसुद्धा माझी कीव येऊन रडले.

मग तिनं गाठोडं न सोडताच खुंटीला टांगलं आणि तेलाचं मडकं काढलं. मी नको म्हणाले नाही. आजीची मांडी, कोमट तेल, मामीचं कौतुक, आणि घरात आंब्याची अढी. रोज तेल, आणि रोज आजीचं म्हणणं, "माह्या लेकीची लेक हाय. वाऱ्यावर पडली नाही." इतकं सुख मला त्याआधी कुणी दिलं नव्हतं.

सुट्टी निम्मी सरली तोवर डोकं पेटलं. पहिल्यापेक्षा वाईट. डोळे सुजले, मान वळेना, ताप. आजीला वाटलं उष्णता झाली, तिनं तेल वाढवलं. मामा घाबरला आणि त्यानं चिखलीला माणूस धाडला. बैलांची दमनी जुंपून वडील आणि मावशी आले.

मावशी दारात पाय ठेवते तोच आजी उसळली. "आली का? गयात माह्या लेकीले घालून हिंडतं, आन तिच्या पोरीच्या डोक्याले थेंबभर तेल जड होते तुले?"

मावशीचा हात टाकाकडे गेला. आता ही भांडते की रडते, असं मला झालं. ती यातलं काहीच करेना. खाली वाकून तिनं माझं डोकं पाहिलं.

"माय," ती आजीला म्हणाली. सवतीच्या आईला मायच म्हणायची रीत, ती तिनं त्या घटकेलाही पाळली. "मले काय म्हनायचं थे मंग म्हना. आधी पानी तापवा."

खुंटीवरचं गाठोडं तिनं स्वतःच काढलं. पाला उकळला, गाळला, मनगटावर पाणी घालून पाहिलं. मला अंगणात पालथं मांडीवर घेतलं आणि धार धरली. तेलाचा थर, धूळ, खपल्या, सगळं एकमेकांत लिंपलं होतं. ते सुटायला वेळ लागला. सुटलं तसा खालून पू वाहू लागला. मामी तोंडाला पदर लावून आत गेली. आजी मात्र तिथंच उभी राहिली. मावशी एकेक बोंड टिपत होती आणि शेजारच्या निखाऱ्यावर टाकत होती, आणि आजी बघत होती. मी ओरडत होते. मावशी म्हणत होती, "झालं, झालं माही बाई, हे शेवटचं," आणि ते शेवटचं नसायचं.

आजी चूक झाली म्हणाली नाही, बरोबर केलंस म्हणाली नाही. आम्ही निघालो तेव्हा तिनं दमनीत आंब्याची पाटी ठेवली, एवढंच. आणि त्यानंतर मी आजोळी गेले की तिच्या घरी माझ्या डोक्याला कुणी हात लावला नाही. पण ते पटलं म्हणून की भ्यायली म्हणून, हे मावशीला कधी कळलं नाही. गल्लीचं बोलणं तिनं कानाआड केलं होतं. आजीचा तो एक शब्द मात्र तिच्या जिव्हारी लागला होता. कधी कधी डोकं धुताना मधेच थांबून ती मला विचारायची, "तुही आजी काही म्हनते का माह्याबद्दल?" मी नाही म्हणायचे. खरंच आजी काही म्हणत नव्हती.

मी वयात आले, दुसरी मोठी लढाई सुरू झाली, रॉकेल आणि साबण मिळेनासे झाले. मावशी कार्बोलिकची वडी दोऱ्यानं कापून तुकडे पुरवायची. माझी स्थळं यायची आणि डोकं पाहून जायची. शेवटी एक मलकापूरचं जमलं, कापसाच्या जिनात कारकून. पाहायला आलेल्या माणसांसमोर मावशीनं माझा पदर स्वतः मागे घेतला आणि उघड्या जागा दाखवल्या. "आत्ताच पाहून घ्या. हे जाऊन जाऊन येते. पानी, पाला, फनी वेगळी, तेल नाही. होत असन तर पोरगी न्या." वडील खाली मान घालून बसले होते. मुलाची आई म्हणाली, "तेल वाचलं आमचं," आणि सगळे हसले. पुढे ती बाई माझ्याशी आयुष्यभर चांगलीच वागली.

आता राहिलं लग्न. लग्नाआधी आमच्यात तेल चढवतात. नवरीला पाटावर बसवायचं, सवाष्णींनी आंब्याच्या पानानं तेल घेऊन आधी पायांना लावायचं, मग गुडघ्यांना, मग खांद्यांना, आणि शेवटी डोक्यावर. डोक्यावर तेल पडलं की ते चढलं. आमच्या मागच्या अंगणात सगळी गल्ली जमली होती. आजी डोणगावहून आली होती. ती विधवा, म्हणून उंबऱ्याच्या आत, सावलीत बसली होती. अशा वेळी विधवेनं पुढे यायचं नसे आणि बोलायचंही नसे.

पहिलं पान मावशीच्या हातात दिलं. तिनं माझ्या पायांना तेल लावलं, गुडघ्यांना लावलं, खांद्यांना लावलं, आणि पान वाटीत ठेवून दिलं.

मावशीनं माझ्याकडे पाहिलं नाही. इतकी वर्षं भिंतीआड चाललेली गोष्ट तिला आता सगळ्यांसमोर करावी लागली होती, आणि तिचे कान लाल झाले होते.

वडिलांची एक चुलत बहीण होती, जिभेची धारदार. ती म्हणाली, "अन् डोक्याले? लग्नाच्या दिवशीही नाही?"

मावशी म्हणाली, "डोक्याले नको, वन्सं. पिकते तिचं."

"आजच्या दिवसानं काय होते? बिनातेलाची नवरी कोनं पाह्यली? हट." आत्यानं पान उचललं, वाटीत चांगलं बुडवलं. "मायविना पोर हाय. कोनी नाही तर मी लावतो."

पान माझ्या कपाळापर्यंत आलं. तेलाचा एक थेंब माझ्या मांडीवर पडला. मावशी उठली नाही, तिनं हात धरला नाही. तिचं तोंड मी पाहिलं आणि मला कळलं, तिच्यातलं बळ संपलंय. ज्या गोष्टीसाठी ती इतकी वर्षं झगडली तीच गोष्ट तिला या क्षणी सिद्ध करता येत नव्हती.

"थांब."

आवाज उंबऱ्यातून आला. आजी उभी राहिली होती. एका हातानं चौकट धरलेली.

"तिच्या डोक्याले तेल लावू नको. तिची माय नको म्हनून राह्यली ना?"

आत्या गोंधळली. पान हातातच राहिलं. "कोनती माय वं, बुढे?"

"कोनती म्हंजे?" आजी चिडून म्हणाली. "थे काय, समोर बसली."

आत्यानं पान खाली ठेवलं. मावशी तशीच बसून होती. तिची नखं पाटाच्या कडेवर घट्ट रोवलेली, तपकिरी. मग तिनं पदर डोळ्यांपर्यंत पुढे ओढला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "पानी तापलं का पाह्यतो," आणि आजीच्या बाजूनं घरात निघून गेली. मी पाटावर बसून हमसून हमसून रडले. बायांना वाटलं, सासरी जायचं म्हणून रडते.